काळ्या पाषाणाच्या खालचे खडक: पृथ्वीच्या आरंभकाळाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हौशी मंडळींना दगड दाखवायला घेऊन जायला लागलो, तेव्हापासून तेच तेच प्रश्न दर सहलीत येतात. काही स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलांचे, काही घरी नवीन ओटा करायला निघालेल्यांचे. उत्तरं एकदा लिहून ठेवलेली बरी. आकडे कोटींत दिले आहेत, कारण 'दशलक्ष' म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकांना मनातल्या मनात शून्यं मोजावी लागतात.

'कँब्रियनपूर्व' म्हणजे नक्की काय? हे नाव कुठून आलं?

ॲडम सेजविक या इंग्रज भूवैज्ञानिकाने १८३५ साली वेल्समधल्या खडकांना 'कँब्रियन' नाव दिलं. वेल्सचं लॅटिन नाव कँब्रिया, त्यावरून. या खडकांपासून वरच्या थरांत कवचवाल्या प्राण्यांचे जीवाश्म भरभरून मिळत होते. खालच्या थरांत काहीच मिळेना. मग त्या सगळ्याला एकच नाव पडलं: कँब्रियनच्या आधीचं ते कँब्रियनपूर्व. आपल्याकडे जुन्या घरात माळ्यावर ज्याचं काय करायचं ते कळत नाही असं सगळं सामान जातं, तसाच हा प्रकार. गंमत अशी, की माळ्यावर टाकलेलं हे सामान घरापेक्षा मोठं निघालं. कँब्रियन सुरू झाला सुमारे ५३.९ कोटी वर्षांपूर्वी आणि पृथ्वीचं वय आहे सुमारे ४५४ कोटी वर्षं. म्हणजे पृथ्वीच्या इतिहासाचा सुमारे ८८ टक्के भाग या एका नावाखाली दडपलेला होता. आजच्या अधिकृत तक्त्यात हे स्वतंत्र एकक मानलं जात नाही, पण बोलताना सगळे हाच शब्द वापरतात. मीही वापरतो.

एवढा काळ डोक्यात बसवायचा कसा?

समृद्धी महामार्ग घ्या. नागपूर ते भिवंडीजवळचं आमने, ७०१ किलोमीटर. नागपूरच्या टोकाला पृथ्वी जन्मली आणि आमनेला आजचा दिवस आहे असं धरा. एक किलोमीटर म्हणजे साधारण ६५ लाख वर्षं.

नागपूरहून निघालात की वर्धा जिल्हा संपत येईपर्यंत पहिला टप्पा, हेडियन. तिथून थेट बुलढाणा जिल्ह्यापर्यंत आर्कियन. मग प्रोटेरोझोइक सुरू होतो आणि संपता संपत नाही. जालना गेलं, संभाजीनगर गेलं, शिर्डी गेली, तरी तोच. कँब्रियन लागतो तो इगतपुरीच्या थोडं अलीकडे, ८३ किलोमीटर उरलेले असताना. शाळेत शिकलेले ट्रायलोबाइट, मासे, डायनोसोर, हिमालय हे सगळं त्या शेवटच्या पट्ट्यात. सह्याद्रीचा काळा पाषाण ओतला गेला तो आमनेच्या १० किलोमीटर अलीकडे. आणि आपली मानवजात? शेवटचे सेहेचाळीस मीटर.

या काळाचे अधिकृत भाग कोणते?

तीन. हेडियन: पृथ्वीच्या जन्मापासून ४०३ कोटी वर्षांपूर्वीपर्यंत. आर्कियन: तिथून २५० कोटींपर्यंत. प्रोटेरोझोइक: २५० कोटींपासून ५३.९ कोटींपर्यंत. आर्कियनचे पुढे चार उपविभाग आहेत, इओ, पेलिओ, मेसो आणि निओ. प्रोटेरोझोइकचे तीन, पेलिओ, मेसो, निओ. परीक्षेला बसत नसाल तर हे पाठ करायची गरज नाही.

लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. कँब्रियननंतरच्या सीमा जगात कुठल्यातरी एका ठिकाणच्या थरावर बोट ठेवून ठरवल्या जातात. तिथे खरोखर खूण केलेली असते. कँब्रियनपूर्व काळात जीवाश्मांचा आधार नाही, म्हणून बहुतेक सीमा नुसत्या आकड्यांनी ठरवल्या. २५० कोटी हा असाच सोयीने काढलेला आकडा. त्या दिवशी काही घडलं नव्हतं. दोन शेतांमधला बांध जसा माणसांनी घातलेला असतो तसा. अपवाद अगदी शेवटच्या एडिअ‍ॅकरन कालखंडाचा: त्याची खूण ऑस्ट्रेलियाच्या फ्लिंडर्स पर्वतरांगेत २००४ साली निश्चित झाली.

हेडियनमधले खडक का सापडत नाहीत?

हेडियन हे नाव ग्रीकांच्या पाताळावरून, हेडीसवरून, प्रेस्टन क्लाउड यांनी १९७२ साली सुचवलं. वितळलेल्या दगडाचा समुद्र, उल्कांचा मारा, मंगळाएवढा एखादा गोळा येऊन धडकला आणि त्याच्या उडालेल्या मलब्यातून चंद्र झाला, असं त्या काळाचं चित्र आहे. तेव्हाचं कवच पुन्हा पुन्हा वितळलं, खाली ओढलं गेलं, नव्याने बनलं. तव्यावरचं पहिलं धिरडं मोडतं, त्याचं मिश्रण परत पातेल्यात जातं, तसं काहीसं.

पण कण उरले. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या जॅक हिल्स भागात सुमारे ३०० कोटी वर्षांपूर्वी नदीने आणलेल्या गोट्यांचा घट्ट झालेला खडक आहे. त्यात झिरकॉन या खनिजाचे, बारीक वाळूएवढे कण सापडतात. त्यातला एक ४४० कोटी वर्षांचा निघाला. हे २००१ साली प्रसिद्ध झालं. त्या कणांतल्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून असं दिसतं, की तेव्हाच्या पृथ्वीवर द्रवरूप पाणी असावं. म्हणजे पाताळ म्हणावं तसं ते पाताळ फार काळ नव्हतं. नाव मात्र चिकटलं.

आपल्याकडेही असा कण आहे. ओडिशाच्या केंदुझर जिल्ह्यातल्या चंपुआजवळच्या खडकात ४२४ कोटी वर्षांचा झिरकॉन मिळाल्याचं २०१८ साली प्रसिद्ध झालं.

दगडाचं वय सांगता कसं? अंदाजच ना?

हा प्रश्न विचारणारा दर सहलीत एक तरी असतो, आणि त्याला मी जास्त वेळ देतो.

झिरकॉनचा स्फटिक तयार होताना युरेनियमला आत घेतो, शिशाला मात्र दारातच अडवतो. एकदा स्फटिक बंद झाला की आतलं युरेनियम ठरलेल्या गतीने फुटत फुटत शेवटी शिसं होत राहतं. म्हणजे आज आत जे शिसं मिळेल ते जवळजवळ सगळं नंतर तयार झालेलं. युरेनियम किती उरलं आणि शिसं किती साठलं ते मोजा, गती माहीतच आहे, वय निघतं. शिवाय एकाच कणात दोन घड्याळं असतात. युरेनियम-२३८ निम्मं व्हायला सुमारे ४४७ कोटी वर्षं लागतात, युरेनियम-२३५ ला सुमारे ७० कोटी. दोन्ही घड्याळं एकच वेळ दाखवत असतील तर उत्तर पक्कं. दाखवत नसतील तर मधे कधीतरी त्या कणाला ताप झाला आणि शिसं गळालं, हे कळतं. फसवणूक पकडायची सोय आतच आहे.

या पद्धतीच्या आधी लॉर्ड केल्व्हिनसारखा नामवंत पदार्थवैज्ञानिक पृथ्वी किती वेगाने निवत गेली यावरून हिशोब करत होता आणि शेवटी २ ते ४ कोटी वर्षांवर येऊन थांबला. आर्थर होम्सने १९११ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, शिशाच्या हिशोबाने श्रीलंकेतल्या एका खडकाचं वय १६४ कोटी काढलं. १९५६ साली क्लेअर पॅटरसनने उल्कांमधलं शिसं मोजून पृथ्वीचं वय ४५५ कोटी वर्षं सांगितलं, सात कोटी इकडे किंवा तिकडे. त्यानंतर आकडा फारसा हललेला नाही.

मग जगातला सर्वात जुना खडक कोणता? प्रत्येक ठिकाणी वेगळं उत्तर मिळतं.

कण आणि खडक यांची गल्लत होते म्हणून. सर्वात जुना कण जॅक हिल्सचा. वयाबद्दल ज्यावर फारसा वाद नाही असा सर्वात जुना खडक म्हणजे वायव्य कॅनडातला अकास्टा नाइस, ४०३ कोटी वर्षांचा. (नाइस म्हणजे उष्णतेने आणि दाबाने बदलून पट्टे पडलेला खडक.) आर्कियनची सुरुवात ४०३ कोटींवर धरतात ती त्याच्यामुळेच. कॅनडातच हडसन उपसागराच्या काठी नुव्वुआगित्तुक पट्टा आहे. त्याचं वय त्याहून जास्त असल्याचा दावा २००८ पासून चालू आहे आणि त्यावरची भांडणंही. ग्रीनलंडमधल्या इसुआचे खडक ३७० ते ३८० कोटींचे. तेही काही लहान नाहीत.

परीक्षेचा प्रश्न: आर्कियन, धारवाड, कडप्पा, विंध्य हा क्रम बरोबर आहे का?

क्रम लिहाल तर गुण मिळतील. समजून घ्याल तर अडखळाल, कारण हा क्रम जुन्या समजुतीवर उभा आहे.

रॉबर्ट ब्रूस फुट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कर्नाटकातल्या सुभाजा (दाबाने बदलून पापुद्रे पडलेल्या) खडकांच्या पट्ट्यांना धारवाड नाव दिलं. (पल्लावरमला १८६३ साली अश्मयुगीन हत्यार सापडलं ते याच फुट यांना.) तेव्हा वय मोजायचं साधन नव्हतं. खाली नाइस दिसतो, तो आर्कियन. वर सुभाजा, ती धारवाड. म्हणून धारवाड आर्कियनच्या नंतरचा, असा सरळ हिशोब झाला. आज मोजलेली वयं सांगतात, की धारवाडचे खडक बहुतांशी २९० ते २६० कोटी वर्षांपूर्वीचे, म्हणजे आर्कियनच्या आतलेच. आर्कियन ही कालखंडाची चौकट आणि धारवाड हा त्या चौकटीत बसणारा खडकांचा गट. 'शुक्रवार आणि दुपार यांत आधी कोण?' असं विचारण्यासारखं आहे ते. क्लासच्या नोट्समध्ये मात्र अजून दोघं एकामागोमाग रांगेत उभे असतात.

कडप्पा आणि विंध्य हे मात्र खरोखर नंतरचे, प्रोटेरोझोइक काळातले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे संचालक थॉमस हॉलंड यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भारतातल्या खडकांची आपली अशी वेगळी विभागणी मांडली, आणि कडप्पा, विंध्य वगैरेंच्या गटाला नाव दिलं 'पुराण'. द्रविड आणि आर्य अशी पुढच्या गटांची नावं मागे पडली. पुराण टिकलं, भूवैज्ञानिक आजही 'पुराण खोरी' म्हणतात.

पुराण खडक मी पाहिले असतील का?

त्यावर पोळ्या लाटल्या असतील.

आपल्या स्वयंपाकघरातला काळा कडप्पा म्हणजे आंध्रातल्या कडप्पा खोऱ्यातला चुनखडक. अंगणातली, जिन्यातली करडी शहाबादी फरशी कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबादची, भीमा गटातली. राजस्थानची कोटा फरशी विंध्य गटातली. तिन्ही पुराण. मराठी घर पिढ्यान् पिढ्या कँब्रियनपूर्व समुद्राच्या तळावर चालत आलं आहे.

एकदा जवळून बघा. कडप्प्याच्या कडेला, जिथे घासून चकाकी आणलेली नसते, तिथे कागदाच्या गठ्ठ्यासारखे पातळ पदर दिसतात. कारागीर छिन्नीने फरशी उलगडतो ती याच पदरांवरून. एवढे सपाट पदर साठायला शांत पाणी लागतं. आता भिंग घेऊन शिंपला किंवा शंख शोधा. मिळणार नाही. नंतरच्या काळातले पुष्कळसे चुनखडक शंखशिंपल्यांच्या चुऱ्याने भरलेले असतात; हा साठला तेव्हा शिंपला करणारा प्राणीच नव्हता. ओट्यावर लिंबू पिळलं आणि पुसायला विसरलं तर पांढुरका डाग पडतो, आई ओरडते. ते आम्ल आणि चुनखडक यांचं भांडण आहे, आणि त्यात चूक लिंबाची नाही.

पण महाराष्ट्र तर सगळा काळा दगड. इथे आर्कियन कुठून येणार?

खालून. काळा पाषाण सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी ओतला गेला, तो कशावर तरी ओतला गेला ना?

३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला भोक पाडलं तेव्हा ३३८ मीटरवर बेसॉल्ट (म्हणजेच आपला काळा पाषाण) संपला, मग जेमतेम आठ मीटर गाळाचा खडक लागला, आणि त्याखाली थेट आर्कियन पाया. कोयना परिसरात भूकंपांच्या अभ्यासासाठी तीन किलोमीटर खोल भोक पाडलं. तिथे बेसॉल्ट सव्वा किलोमीटरच्या आसपास संपला आणि खाली ग्रॅनाइट-नाइस. मधे काहीच नाही. कोयनेला त्या भोकातून वर आलेल्या दगडाच्या नळकांड्यांत काळा संपून गुलाबी-करडा सुरू होतो, ती रेघ अडीचशे कोटी वर्षांची आहे. मधल्या काळात तिथे काही साठलं नाही, किंवा साठलेलं वाहून गेलं.

उघड्यावर बघायचं तर काळ्या पाषाणाच्या चादरीच्या कडा गाठाव्या लागतात. पूर्व विदर्भात ती चादर संपते. गोंदिया, भंडारा, गडचिरोलीत जुना नाइस आणि सुभाजा वर आहेत. सुरजागडचं लोखंड त्यातलंच. रामटेकजवळच्या मनसरचं आणि तुमसर तालुक्यातल्या डोंगरी बुजुर्ग, चिखल्याचं मँगनीज प्रोटेरोझोइक काळातल्या सौसर गटातलं. चंद्रपूरचे सिमेंट कारखाने ज्या चुनखडकावर चालतात तोही पुराणकाळचाच, पैनगंगा गटातला. दक्षिणेला सिंधुदुर्गात रेडीचं लोखंड धारवाडी खडकांतलं, मालवण परिसरात कलादगी गटाचे क्वार्ट्झाइट, म्हणजे घट्ट झालेले वालुकाश्म. तिथून पुढे गोवा तर बहुतेक सगळाच कँब्रियनपूर्व, वर जांभ्याची टोपी घातलेला.

गोव्यात लोखंड एवढं का आहे?

आर्कियन समुद्रात प्राणवायू नव्हता म्हणून. प्राणवायू नसेल तर लोह पाण्यात विरघळून राहतं, साखरेसारखं. त्या समुद्रात टनावारी लोह असं तरंगत होतं. मग सूक्ष्मजीवांमुळे कुठे कुठे ते गंजून तळाला बसलं: एक थर लोहाचा, एक थर सिलिकाचा (गारगोटीतलं द्रव्य), पुन्हा लोहाचा. याला पट्टेदार लोहखडक म्हणतात. चांगला नमुना मिळाला तर करड्या आणि तांबड्या पट्ट्या इतक्या रेखीव असतात, की इरकलीचे काठ आठवावेत. गोव्यात पुढे उष्ण पावसाळी हवेने यातली सिलिका धुऊन नेली आणि लोह आणखी दाट झालं. डिचोली-सांग्याकडून बार्जमध्ये भरून मुरगावला गेलेली लाल माती ती हीच.

प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या जिवाणूंनी सोडलेला प्राणवायू समुद्रात असाच खर्च होत राहिला. सुमारे २४० ते २३० कोटी वर्षांपूर्वी तो हवेत साठायला लागला. समृद्धीवर म्हणाल तर बुलढाणा जिल्ह्यातच. त्याआधीची हवा तुम्ही-आम्ही श्वासात घेतली असती तर काही मिनिटांत आटोपलो असतो.

तेव्हा जीवसृष्टी होती तर जीवाश्म का नाहीत?

आहेत, पण हाडं-शिंपले शोधणाऱ्याला दिसत नाहीत. सूक्ष्मजीवांचे चिकट थर गाळ धरत एकावर एक चढत जातात आणि कोबी मधोमध कापल्यासारखी नक्षी दगडात उरते. हे स्ट्रोमॅटोलाइट. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या पिलबरा भागातले सुमारे ३४८ कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. उत्तर प्रदेशात सोनभद्र जिल्ह्यातल्या सलखनला विंध्य गटातले मोठमोठे गोल उघड्यावर पसरलेले आहेत.

ब्रह्मदेवाचा एक दिवस ४३२ कोटी वर्षांचा. पृथ्वीच्या वयाशी जुळतो, मग आपल्या पूर्वजांना माहीत होतं का?

४३ लाख २० हजार वर्षांचं महायुग, त्याचं हजारपट म्हणजे कल्प. हिशोब बरोबर आहे. पण त्या परंपरेत कल्प हे पृथ्वीचं वय नाही. कल्प येतात-जातात, आणि संकल्पात 'श्वेतवाराहकल्पे' म्हणतो तेव्हा तो संपायचा आहे असंच आपण मानतो. खडकातलं शिसं मोजून तो आकडा आलेला नाही. आकडा जवळ पडला, एवढंच. कौतुक करायचंच तर वेगळं करा: युरोपात बायबलच्या आधारे सहा हजार वर्षांचा हिशोब मांडला जात होता, तेव्हा इथे कोटींनी काळ मोजायला मन कचरत नव्हतं. मराठी भूविज्ञानाला 'महाकल्प' हा शब्द आयता मिळाला तो तिथूनच.

बघायला कुठे जावं?

सर्वात सोपं ठिकाण म्हणजे बंगळुरूचं लालबाग. बागेतल्या ज्या खडकावर केंपेगौडांचा बुरूज आहे तो सुमारे ३०० कोटी वर्षांचा नाइस. लोक त्यावर बसून भेळ खातात.

तिरुपतीला जाणारे तर लाखो. तिरुपतीहून तिरुमलाला चढणाऱ्या घाटात एका वळणावर खाली आर्कियन ग्रॅनाइट आणि वर कडप्पा खोऱ्यातले आडवे क्वार्ट्झाइट थर दिसतात. दोघांमधली जी रेघ, तिथे सुमारे ८० कोटी वर्षांचा काळ गहाळ आहे असं मानतात. भूविज्ञानात याला विसंगती म्हणतात. चोपडीतली मधली पानं फाटलेली असावीत तशी. दर्शनाच्या घाईत गाडी थांबत नाही, पण डावी-उजवी खिडकी आधी ठरवून बसलात तर दिसते.

आणि बदामी. वेरूळ-अजिंठा पाहिलेल्या मराठी माणसाने मुद्दाम जावं. तिथली लेणी काळ्या पाषाणात नाहीत, कलादगी खोऱ्यातल्या तांबड्या वालुकाश्मात कोरली आहेत. तिसऱ्या लेण्यात इसवी सन ५७८ चा लेख आहे. विष्णूच्या मूर्तीवर नजर ठेवा, मग हळूच बाजूच्या भिंतीकडे बघा: तिरप्या रेघांचे पट्टे मूर्तीच्या मांडीतून, हातातून आरपार गेलेले दिसतात. वाहत्या पाण्याने वाळू लोटत नेताना पडलेले थर आहेत ते. त्या वाळूच्या काठावर तेव्हा गवताची काडीही नव्हती. हातोडी घरी ठेवा, आणि एप्रिल-मेमध्ये दुपारी जाऊ नका. अनवाणी पायाला तो दगड सोसत नाही.